सोबतीचा आवाज

तीन आठवडे लागून राहिलेली रिपरिप पहाटे कधीतरी थांबली आणि डोंगराकडून गरम वारा सुटला. शुकरुल्ला पिंजाऱ्याला तो अंथरुणातच कळला. ओलीनं फुगून चौकटीत गच्च बसलेली खिडकी आपसूक कुरकुरायला लागली होती. इराणच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या लंगरूद गावाला असा वारा हिवाळाभरात पाच-सात दिवस लाभायचा. एरवी समुद्राची ओल भिंतीत, पिठात, माणसाच्या गुडघ्यात मुरलेली. त्या ओलीत कापूस पिंजायचा म्हणजे भिजल्या मेंढीचे केस विंचरायचे. आज मात्र कापूस उडणार होता.

साखरेचा खडा दाढेखाली धरून त्यानं उभ्याउभ्याच दोन पेले चहा घेतला आणि दुकानामागच्या अंगणात ताडपत्री पसरली. एका गिऱ्हाईक बाईच्या आईच्या जुन्या रजईतला कापूस पिंजून तिच्या लेकीच्या लग्नाला नवी रजई करून द्यायची होती. त्यानं टाके उसवले, खोळ बाजूला केली, आतली दगडासारखी ढेकळं हातानं फोडली. मग पिंजण खांद्याशी घेतली आणि तिच्या ताणलेल्या तातीवर ठोका दिला. तात ठणकली, कापसाचा पहिला पुंजका हवेत उठला, आणि त्याच वेळी शुकरुल्लाच्या नरड्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. त्याचं त्याला ठाऊकही नव्हतं. कुणीही सूर लावला की त्याच्याखालचा सूर त्याच्या गळ्यातून निघायचाच. तातीनं लावला तरी.

समोरचा मासेवाला हैबत टोपल्या मांडता मांडता ओरडला, "मश्दी, आज कुणाच्या आवाजावर पांघरूण?"

"तुझ्या. गावाला जरा झोप लागू दे."

मशहदची यात्रा करून आलेल्या कुणालाही तिथं मश्दी म्हणतात. पण पांघरुणाचा टोमणा एकट्या शुकरुल्लासाठी होता, आणि तो बावीस वर्षं जुना होता.

बाईनं परपुरुषांच्या कानावर एकटीनं गाणं घालायचं नाही, असा कायदा. तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून विकायचं असेल तर तिच्या आवाजासोबत पुरुषाचा आवाज हवा, आणि तोही असा की बाईचा आवाज सुटा पडू नये. परवान्याच्या कचेरीत एक माणूस कानाला यंत्र लावून बसायचा आणि ऐकायचा. तसल्या गाण्यांत सोबतीला गाणं हा शुकरुल्लाचा दुसरा धंदा. मोहरमच्या दिवसांत मशिदीत तो शोकगीतं म्हणायचा; खडीसाखरेसारखा आवाज, गोड पण धार असलेला. रश्त शहरातून दैलमी नावाचे एक गृहस्थ लोडांची जोडी करवून घ्यायला आले होते, गावोगावची जुनी गाणी गोळा करण्याचा त्यांना नाद. लोड राहिले बाजूला, ते शुकरुल्लालाच गाडीत घालून घेऊन गेले. तावूस खाला नावाच्या एका भात लावणाऱ्या बाईची गाणी कचेरीत अडकली होती. "तुम्ही काही वेगळं करायचं नाही," दैलमी म्हणाले, "ती म्हणेल तेच, तिच्यासोबत म्हणायचं."

तिथून सुरुवात झाली. मग एकामागून एक चौदा गाणाऱ्या बायका झाल्या. कॅसेटच्या वेष्टनावर त्याचं नाव वर, त्यांचं खाली. इतर सोबती बैलासारखे हंबरायचे. शुकरुल्लानं मात्र त्यात कसब कमावलं. बाई जिथं श्वास घेईल तिथं आपण घ्यायचा, ती वळेल तिथं वळायचं, आणि आवाज असा तासून ठेवायचा की कचेरीतल्या माणसाला पुरुष ऐकू यावा आणि घरी ऐकणाऱ्याला बाई. त्याला त्याचा अभिमान होता. आपण या बायकांना बाहेर पडायला सोबत देतो, असं तो मनाशी म्हणायचा. त्या अदबीनं वागायच्या, अक्रोड पाठवायच्या, पण डोळ्याला डोळा देत नसत. एकीनं फक्त एकदा सांगितलं होतं, "तुम्ही चांगलं गाता मश्दी, म्हणून तर जास्त राग येतो." ते वाक्य त्याला कधी नीट गिळता आलं नाही.

घरात बोलायला कुणी नव्हतं. बायको रुबाबे जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक दूर करज शहरात नांदत होती, तिचा फोन शुक्रवारी, आणि त्यात निम्मा वेळ नातवाच्या खोकल्याचा.

कापूस गुडघाभर साठला तेवढ्यात अंगणाच्या दारात गाडी थांबली. तावूस खालाची नात तर्लान. औषधाच्या दुकानात कामाला होती, आणि आज अंगात पांढरा डगला तसाच होता.

"मश्दी, हात धुवा आणि चला. आजीनं रात्रीपासून ऑक्सिजनची नळी लावलेली नाही."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. वारा कोरडा आहे ना, छाती मोकळी झालीये. सकाळी सकाळी कोंबड्यांना शिव्या देत होती, त्या शेजारपर्यंत ऐकू आल्या. आज गायला बसते म्हणाली. आजच. उद्या परत पाऊस सांगितलाय."

"मग मी कशाला? गा म्हणावं."

तर्लाननं डगल्याचं बटण काढलं, लावलं. "तिला कडव्यांचा क्रम आठवत नाही. ते जे बदलायला लावलं होतं ना, ते कडवं तर सुरूच होत नाही तिच्याकडून. तुमच्याशिवाय कुणाला येतं ते?"

खरं होतं. ते कडवं मूळ शब्दांत कॅसेटवर नव्हतंच. कचेरीतला माणूस भला होता, चहा विचारायचा, कुणाला अरेतुरे करत नसे. त्यानं कागदावरच्या ओळींवर बोट ठेवून सांगितलं होतं, "हे कुफ्र होतं, खानम. खुदाशी असं बोलतात का? खुदाच्या जागी मालक घाला, बाकी राहू द्या." म्हणून कॅसेटवर तावूस खाला मालकाला जाब विचारत होती, आणि शुकरुल्लाही तिच्यासोबत मालकालाच विचारत होता. ध्वनिमुद्रण संपल्यावर ती पायरीवर बसून थुंकली होती. "मालक कुठं वर बसायचा? मालक बांधावर छत्री घेऊन उभा. त्याला शिवी द्यायला गाणं कशाला लागतंय?" मग तिनं मूळचं कडवं शुकरुल्लाला दोनदा म्हणून दाखवलं होतं, हळू आवाजात, जिना उतरता उतरता.

गाडीत तर्लाननं पुन्हा बजावलं. "तुम्ही फक्त कडव्याचा पहिला शब्द द्यायचा. मग गप्प. तिला एकटीचा आवाज हवाय."

"मला काय कळत नाही?"

"तसं नाही मश्दी."

"बावीस वर्षं कुठं गायचं आणि कुठं नाही, हेच करत आलोय." त्याला जरा लागलंच. पण चहाच्या मळ्यांवरचं लख्ख ऊन बघता बघता राग ओसरला.

तावूस खाला ओसरीत भिंतीला टेकून उन्हात बसली होती. वर लसणाच्या वेण्या, बाजूला ऑक्सिजनची टाकी, तिला डोक्याचा जुना रुमाल गुंडाळलेला. एक्याऐंशीची बाई, वाळल्या शेंगेसारखी. हातांची बोटं मात्र अजून रोपं धरल्यासारखी वाकलेली.

"आलास का रं पिंजाऱ्या? तुझ्या गादीनं माझी पाठ मोडली."

"वीस वर्षांची गादी, खाला. तीही म्हातारी झाली."

"म्या नाय झाले, ती कशी झाली?"

तर्लाननं ध्वनिमुद्रणाचं यंत्र चुलीजवळच्या चौरंगावर ठेवलं, कोंबड्या हाकलल्या, फाटक लावलं. तावूस खालानं चहाच्या पेल्यानं हात शेकले. मग शुकरुल्लाकडे न बघता म्हणाली, "ऐक. त्या टायमाला तुझा काय दोष नव्हता. पर ती कॅसेट म्या घरात कधी लावली नाय. लावली की मला वाटायचं, ह्यो गडी माझ्या पाठीवर बसलाय नि म्या चिखलातनं चाललेय. आता पोरगी म्हणती, घरच्या घरी भरून ठेवू, कुणाचा परवाना नको. म्हणलं ठेव. मी मेल्यावर लेकींच्या लेकींनी ऐकू दे. एकटी बाई गात हुती, एवढं तरी कळू दे."

शुकरुल्लानं मान हलवली. मग त्यानं विजारीला चिकटलेला कापूस वेचला.

ती सुरू झाली. पहिली ओळ खरखरली, दुसरीत गळा उघडला. चिखल, रोपं, सासरची वाट, वाहून गेलेला बांध. आवाज म्हातारा झाला होता, पण त्यातली वळणं तीच. पहिल्या कडव्याला ती अडली, त्यानं शब्द दिला, तो गप्प बसला. दुसऱ्याला अडली, शब्द दिला, गप्प बसला. तर्लाननं त्याच्याकडे बघून मान डोलावली. तिसरं कडवं आलं. खाला डोळे मिटून थांबली, ओठ हलले, काही फुटेना.

"वर कोरडा," शुकरुल्ला म्हणाला.

आणि तिनं उचललं.

वर कोरडा बसलास, खुदा, ढगांच्या ओसरीला,
गुडघाभर पाण्यात मी, पोर बांधलंय पाठीला.
एक दिवस उतर खाली, धर माझी मूठ रोपांची,
मग सांग मला गोष्ट तुझ्या दयेची, मायेची.

चार ओळी तिनं दोनदा म्हटल्या, रीत होती तशी. शुकरुल्लाच्या छातीत काहीतरी सैल झालं. फाटकापलीकडचं शेत, पाण्यातली वाकलेली पाठ, सगळं त्याला समोर दिसत होतं. मध्येच एकदा त्याला तर्लानचा चेहरा दिसला. डोळे मोठे झालेले, एक हात अर्धवट वर उचललेला. कडव्यातल्या शब्दांनी पोर घाबरली, असं त्याला वाटलं. खालाचा शेवटचा सूर हळूहळू विरला. ती खोकली. बराच वेळ खोकली. तर्लाननं नळी तिच्या नाकाला लावली.

"झालं का भरून?" खालानं विचारलं. "लाव बघू."

तर्लान हलली नाही.

"लाव म्हणते ना. कान गेले नायत माझे."

तिनं लावलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, एकटी बाई. मग त्याचा आवाज, वर कोरडा, आणि तिचा आवाज. आणि तिच्या पहिल्या श्वासापासून तिच्याखाली दुसरा आवाज. तासलेला, नेमका, ती वळेल तिथं वळणारा, ती थांबेल तिथं थांबणारा. आठही ओळी.

आधी शुकरुल्लाला वाटलं, तर्लाननं चुकून जुनी कॅसेट लावली. मग त्यानं शब्द ऐकले. जुन्या कॅसेटवर मालक होता.

"मी गायलो नाही," तो म्हणाला. त्यानं गळ्याला हात लावला. गळा ऊन होता.

"मी थांबवणार होते," तर्लान खाली बघत म्हणाली, "पण आजीचा सूर तुटला असता. पुन्हा लागला नसता."

"पुन्हा म्हण की, खाला. मी बाहेर जातो. रस्त्यापलीकडे जाऊन बसतो."

खालानं नाही म्हणून मान हलवली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. थोड्या वेळानं तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"एक झालं बघ. खुदानं ऐकलं आसंल तर त्याला वाटंल, दोघांनी मिळून तक्रार केलीय. निम्मी शिक्षा तुला."

तर्लान हसली आणि लगेच रडली. शुकरुल्लाला दोन्ही जमलं नाही. दुपारपर्यंत तो रस्त्यापलीकडे विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला, खालाला पुन्हा गाण्याएवढा दम आला तर आपण जवळ नसावं म्हणून. वारा त्याच्या सदऱ्यातून आरपार जात होता. ओसरीतून एकदाही सूर आला नाही. तीनच्या सुमाराला तर्लान बाहेर आली आणि म्हणाली, "झोपलीये. चला, सोडते."

दुसऱ्या दिवशी पाऊस परतला, सांगितला होता तसा. पुढल्या आठवड्यात दोन दिवस वारा सुटला, पण तोवर खालाची छाती अशी भरली की बोलायलाही दम पुरेना. डॉक्टरनं गाण्याचं नावही काढायचं नाही म्हणून सांगितलं. तर्लाननं ते ध्वनिमुद्रण, त्यातला दुसरा आवाज काढता येतो का बघायला, रश्तला एका माहितगाराकडे नेलं. त्यानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत दिलं.

"काय म्हणाला?" शुकरुल्लानं दुकानाच्या फळीवरून विचारलं. ती छत्री मिटत होती.

"म्हणाला, दुसरा कुणी असता तर थोडं तरी सोडवता आलं असतं. हे इतकं घट्ट बसलंय की तो आवाज काढला तर आजीचाही जातो. विचारत होता, हा माणूस कोण आहे, याला आमच्याकडे काम देऊ."

शुकरुल्ला दोऱ्याचं रीळ हातात फिरवत राहिला.

"मी पुसून टाकू का, असं आजीला विचारलं," तर्लान म्हणाली. "ती लिहून बोलते आता. पाटीवर लिहिलं, ठेव. त्याखाली लिहिलं, पिंजाऱ्याला दोष देऊ नको, त्याच्या नरड्याला नोकरीची सवय."

ती गेल्यावर त्यानं दुकान अर्धं ओढून घेतलं. दुपार होती, पण पावसानं आत अंधारलं होतं. मागच्या खोलीत रुबाबेची पेटी होती. आत तिचे घागरे. बाजूच्या घरात एक हिंदुस्थानी डॉक्टरीण होती, तिनं दिलेली एक साडीही होती, कधी न नेसलेली. तळाशी कॅसेट. लेक चार वर्षांची असताना त्यानं नवा टेपरेकॉर्डर आणला होता, त्या दिवसाची. रुबाबे पावट्याच्या शेंगा सोलताना नेहमी गायची. भारी आवाज नव्हता. पण घरात तो होता, चुलीच्या धुरासारखा, सगळीकडे. ती गेल्यापासून त्याला कितीदा वाटलं होतं, तो आठवावा. आठवायला गेलं की काहीतरी मध्ये यायचं.

टेपरेकॉर्डरचं झाकण त्यानं कापसानं पुसलं. कॅसेट घातली. आधी खरखर, मग लेकीचं हसणं, शेंगांचा कडकड आवाज. मग रुबाबे. अंगाई होती, अर्धी गिलकी बोलीत, अर्धी तिच्या आईच्या गावची. एक ओळ. शुकरुल्ला जमिनीवर बसला, गुडघ्यांत हात घेऊन. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला तिच्याखाली पुरुषाचा आवाज आला, तरुण, गोड, अगदी अलगद.

तो दैलमींना भेटण्याच्या कितीतरी वर्षं आधीचा आवाज होता. कुणी परवाना मागितला नव्हता. कुणी कचेरीत बसून ऐकणार नव्हतं.

चौथी ओळ दोघांनी म्हटली. पाचवीला ती थांबली. शेंगांचा आवाज चालू होता. "तुम्हीच म्हणा आता," रुबाबे म्हणाली. साध्या आवाजात, न रागावता, मीठ द्या म्हणावं तसं. आणि टेपवरचा शुकरुल्ला म्हणत राहिला. अंगाई पुरी केली, दुसरी धरली, बाजू संपेपर्यंत गायला. रुबाबेचा आवाज पुन्हा आला नाही.

त्यानं कॅसेट उलटी केली. दुसरी बाजू कोरी होती. ती त्यानं शेवटपर्यंत ऐकली.

मग परत पहिली बाजू लावली आणि दुसऱ्या ओळीनंतर बंद केली. पुन्हा मागे नेली. दोन ओळी, बंद. असं किती वेळ केलं कोण जाणे. या वेळी गळ्यावर हाताची पकड घट्ट होती. दोन ओळी रुबाबे एकटी होती. तेवढ्या होत्या.

बाहेर कुणीतरी फळी वाजवली. नवरीची आई होती, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी.

"मश्दी, रजई झाली का हो? जुम्म्याला सामान निघायचंय. आत आहात की झोपलात?"

"जागा आहे. कापूस पिंजून झालाय, भरायचा राहिलाय."

"पावसात बसेल का नीट?"

"बसेल. कोरडा होता तेव्हाच पिंजून ठेवलाय."

ती गेली. त्यानं फळी पूर्ण उघडली, दिवा लावला, लाल साटीनची खोळ जमिनीवर अंथरली आणि कापसाचे थर हातानं सारखे करत कोपऱ्यापासून पसरत गेला. खोळ मिटली, कडा दुमडली. मग दाभणात दोरा ओवला, गाठ मारली, आणि मधल्या रेघेवर पहिला टाका घातला.